बोटाने ओढलेली रेघ

“कंबर दुखते” हे दोन शब्द गरोदर बाईच्या तोंडून घरात इतक्या वेळा ऐकू येतात की हळूहळू ते कुणाच्या कानात शिरेनासे होतात. अशा वेळी एकच विचारून पाहावं: “कुठं दुखतं, हाताने दाखव बरं.” कुणी तळहात कमरेच्या मधोमध आडवा ठेवते. कुणी कुल्ल्याच्या वरच्या खळगीत अंगठा रुतवते आणि दुसरा हात जांघेकडे नेते. कुणी कुल्ल्यावर एक बोट टेकवते आणि मांडीच्या मागून, गुडघ्याच्या लवणीतून, पोटरीवरून थेट पावलापर्यंत रेघ ओढते.

ही तीन वेगळी दुखणी आहेत. पहिली साधी कंबरदुखी. निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांना ती कधी ना कधी होते. दुसरी श्रोणीची, म्हणजे कमरेखालच्या हाडांच्या कड्याची दुखी. ती साधारण पाचांतल्या एकीला होते. तिसरी सायटिका. हल्ली पायाकडे सरकणाऱ्या कुठल्याही दुखण्याला सायटिका म्हणण्याची पद्धत पडली आहे. पण खरोखर नस दुखावल्यामुळे होणारी सायटिका गरोदरपणात शंभरात एखादीलाच होते.

हा फरक समजून घेतला तर उपाय नेमका करता येतो. श्रोणीची दुखी असलेली बाई म्हणते, “कूस बदलताना जीव जातो,” “सलवार घालताना एका पायावर उभंच राहवत नाही.” तिचं दुखणं बहुधा गुडघ्याच्या वरच थांबतं. सायटिका असलेल्या बाईची भाषा निराळी असते: “करंट लागल्यासारखं होतं,” “कळ सरसर खाली उतरते,” “पोटरीत मुंग्या येतात,” “तळपाय बधिर पडतो.” खोकला आला, शिंक आली, शौचाला जोर करावा लागला की कळ वाढते आणि ती बहुतेक वेळा एकाच पायात असते. डॉक्टरांकडे जाताना हे असंच्या असं सांगावं. “कंबर दुखते” एवढ्या दोन शब्दांपेक्षा त्याचा उपयोग फार मोठा आहे.

गृध्रसी ते सायटिका

हे दुखणं आपल्या वैद्यांना जुन्या काळापासून ठाऊक होतं. आयुर्वेदात त्याला गृध्रसी म्हणतात. गृध्र म्हणजे गिधाड. चरकसंहितेतलं वर्णन कुल्ल्यापासून सुरू होतं आणि कंबर, मांडी, गुडघा, पोटरी अशा क्रमाने पावलापर्यंत पोचतं. आपल्या बोटाने ओढलेली रेघ ती हीच. या दुखण्यात पाय उचलणं अडतं, असं सुश्रुतसंहिता सांगते.

युरोपात १७६४ साली नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो यांनी या दुखण्याचा संबंध नसेशी जोडला. १८८० साली लाझा लाझारेविच या सर्बियन डॉक्टरांनी, जे तिथले नावाजलेले कथाकारही होते, रुग्णाला उताणं झोपवून त्याचा सरळ पाय वर उचलला की नस ताणली जाते आणि कळ येते, हे नोंदवलं. आजही डॉक्टर तीच तपासणी करतात. १९३४ साली अमेरिकेतल्या मिक्स्टर आणि बार या दोन शल्यचिकित्सकांनी मणक्यांमधली गादी फाटून नसेच्या मुळावर दाब येतो, हे दाखवून दिलं. ‘मणक्यात गॅप आलाय’ ही आपल्याकडची भीती तिथून सुरू होते. गरोदर बाईने ती फारशी बाळगू नये. गादी सरकून त्रास होण्याचं प्रमाण गरोदरपणात दहा हजारांत एखादं इतकं कमी मानलं जातं.

शरीरातली सर्वांत जाड नस

कमरेच्या शेवटच्या दोन मणक्यांपासून आणि त्यांच्याखालच्या त्रिकास्थीतून निघणाऱ्या पाच मुळ्या एकत्र येऊन ही नस बनते. कुल्ल्यात ती हाताच्या बोटाएवढी जाड असते. तिथे पिरिफॉर्मिस नावाचा, नासपतीच्या आकाराचा एक स्नायू आहे. बहुतेकांमध्ये नस त्याच्या खालून बाहेर येते. पुढे बसण्याचं हाड आणि खुब्याचं हाड यांच्या मधून ती मांडीच्या मागे उतरते आणि गुडघ्याच्या थोडं वर दोन फाट्यांत विभागून पावलापर्यंत जाते.

दाराबाहेरचं बटण दाबलं की घंटी घरात वाजते, तसंच या नसेचं आहे. दाब येतो कमरेत किंवा कुल्ल्यात आणि कळ जाणवते पोटरीत. म्हणून पोटरी कितीही रगडली तरी उपयोग होत नाही. शिवाय कुल्ल्यातले आखडलेले स्नायू आणि त्रिकास्थीच्या बाजूचे ताणलेले सांधे नसेवर दाब न येताही मांडीत दुखणं पाठवू शकतात. गरोदरपणात ‘सायटिका’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या दुखण्यांपैकी पुष्कळशी अशीच असतात आणि ती सोप्या उपायांना चांगली दाद देतात.

पोटाचं ओझं आणि पाठीची कमान

गरोदरपणात साधारण दहा-बारा किलो वजन वाढतं आणि त्यातलं बरंचसं शरीराच्या पुढच्या बाजूला असतं. तोल सांभाळण्यासाठी बाई नकळत मागे रेलते आणि कमरेची कमान वाढते. २००७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात कॅथरीन व्हिटकम, लायझा शपिरो आणि डॅनियल लीबरमन यांनी या कमानीविषयीचं संशोधन प्रसिद्ध केलं. पुरुषांच्या कमरेची कमान दोन पाचरीसारख्या मणक्यांवर पेललेली असते, तर स्त्रियांची तीन मणक्यांवर. वीस लाख वर्षांहून जुन्या मानवपूर्वजांच्या अवशेषांतही त्यांना हाच फरक दिसला. दोन पायांवर चालत बाळ पोटात वाढवायचं, तर ओझं वाटून घ्यायला हवं, हे स्त्रीच्या मणक्यात इतक्या जुन्या काळापासून कोरलेलं आहे. तरीही पाठीच्या आणि कुल्ल्याच्या स्नायूंना नऊ महिने जादा काम करावंच लागतं. थकलेला स्नायू आखडतो आणि त्याच्या शेजारून जाणारी नस चिडते.

दुसरा बदल सांध्यांत होतो. १९२६ साली फ्रेडरिक हिसॉ यांना गिनीपिगांवरच्या प्रयोगांत श्रोणीचे बंध सैल करणारा घटक सापडला; पुढे त्याला रिलॅक्सिन हे नाव मिळालं. बाळंतपणाची वाट मोकळी करण्याच्या तयारीत त्याचाही वाटा असतो. मात्र त्याची पातळी पहिल्या तिमाहीतच सर्वांत जास्त असते आणि दुखणं बहुधा त्यानंतर वाढतं. त्यामुळे “हाडं सुटायला लागली, आता दुखणारच” एवढं म्हणून विषय मिटवणं बरोबर नाही. सांधे थोडे सैल असले, तरी भोवतालचे स्नायू धडधाकट असतील आणि अंगावर पडणारा भार बेताचा असेल, तर शरीर ते निभावून नेतं.

दिवस उलगडून पाहा

म्हणून उपाय शोधताना आधी आपला दिवस तपासावा. कळ कधी उठते? सकाळी पलंगावरून उतरताना, ओट्याशी तासभर उभं राहिल्यावर, की गाडीवरून आल्यावर? दोन दिवस एवढंच टिपून ठेवलं, तरी निम्मं उत्तर हाती येतं.

रात्रीपासून सुरुवात करू. कुशीवर, गुडघे थोडे वाकवून झोपावं. दुखरी बाजू वर ठेवल्यास बऱ्याच जणींना आराम पडतो. दोन्ही गुडघ्यांत उशी घ्यावी आणि ती घोट्यापर्यंत पोचेल इतकी लांब असावी. नुसत्या गुडघ्यांत उशी घेतली की पाऊल खाली लोंबतं आणि कुल्ला पिळला जातो. जुनी गोधडी लांबट घडी करून घेतली तरी चालते. पोटाखाली एक पातळ उशी सारावी. अठ्ठावीस आठवड्यांनंतर झोपताना कुशीवरच झोपावं, म्हणजे पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीवर गर्भाशयाचा भार येत नाही. जाग आल्यावर आपण उताणे आहोत असं दिसलं तर घाबरू नये, कूस बदलून पुन्हा झोपावं. कूस बदलताना गुडघे जुळवून खांदे आणि कंबर एकदम वळवावी. उठताना आधी कुशीवर व्हावं, पाय खाली सोडावेत आणि हातांनी रेटा देऊन बसावं. उताण्यावरून झटक्यात उठणं टाळावं.

बसताना कंबर गुडघ्यांपेक्षा किंचित उंच राहील अशी बैठक घ्यावी आणि कमरेच्या खळगीत टॉवेलची गुंडाळी ठेवावी. रुतणारा सोफा कितीही आरामशीर वाटला तरी या दुखण्याला तो वाईट. अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावलं चालावं. ऑफिसात मिटिंग चालू असली तरी उठावं. त्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही.

घरकामात सर्वांत जास्त त्रास देतं ते वाकणं आणि पिळवटणं. केरसुणीने वाकून केर काढणं, बसून सरकत लादी पुसणं, मोरीत बसून कपडे चोळणं, विळीवर पुढे झुकून भाजी चिरणं. लांब दांड्याचा झाडू आणि मॉप घ्यावा, भाजी टेबलाशी बसून सुरीने चिरावी. ओट्याशी उभं राहावंच लागलं तर पायाशी पाट ठेवून एकेक पाऊल आलटून पालटून त्यावर टेकवावं. कमरेची कमान लगेच सैल पडते. भरलेला हंडा उचलू नये. मोठं मूल असेल तर त्याला कडेवर घेऊन फिरण्याऐवजी खाली बसून मांडीवर घ्यावं. सलवार, परकर, पॅन्ट बसूनच घालावी.

दुचाकीवर मागे एका बाजूला पाय सोडून बसलं की श्रोणी पिळलेली राहते आणि प्रत्येक गतिरोधकाचा हादरा थेट तिथे बसतो. दुखणं असेपर्यंत हा प्रवास टाळलेला बरा. एसटीने जावं लागलं तर मागच्या बाकांवर बसू नये. हादरे तिथे सर्वांत जास्त लागतात.

एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही, ती म्हणजे बद्धकोष्ठता. लोहाच्या गोळ्यांनी शौचाला कडक होतं, जोर करावा लागतो आणि जोर केला की कळ पायात उतरते. पाणी, भाजी, फळं, सालीसकट डाळी वाढवाव्यात. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत. त्रास होत असेल तर डॉक्टरांकडून बदलून घ्याव्यात.

हे सारं वाचून एखादी म्हणेल, “माझ्याकडून हे कसं व्हायचं?” तिचं बरोबर आहे. भातलावणीत दिवसभर वाकणाऱ्या, उकिडव्या बसून खुरपणाऱ्या, डोक्यावर उसाची मोळी वाहणाऱ्या बाईला ‘आराम करा’ एवढं सांगून भागत नाही. तिच्या वाट्याचं वाकणं आणि उचलणं दुसऱ्या कुणी तरी अंगावर घ्यायला हवं: नवऱ्याने, सासूने, दिराने, मुकादमाने. नोकरदार स्त्रीला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे आणि त्यातली आठ आठवड्यांपर्यंतची प्रसूतीआधी घेता येते. शेतमजूर बाईला असा आधार नसतो. निदान तपासणी तरी चुकू नये. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. तिथे रक्तदाब आणि वजन झालं की थांबू नये. पायातली रेघही दाखवावी. आशाताईला सोबत नेलं तर ती नीट सांगू शकते.

चार व्यायाम

दुखतं म्हणून पडून राहिलं की स्नायू आणखी आखडतात. गरोदरपणातल्या कंबरदुखीवरचे ३४ अभ्यास आणि त्यांतल्या पाच हजारांहून अधिक स्त्रिया यांचा एकत्रित आढावा २०१५ साली कॉक्रेन संस्थेने घेतला. व्यायामाने कंबरदुखी कमी होऊ शकते असं त्यात दिसलं, जरी पुरावा फार भक्कम नव्हता. आपल्या डॉक्टरांनी व्यायामाला हरकत घेतलेली नाही ना, हे विचारून पुढचे चार प्रकार करावेत.

पहिला मार्जारासनाचा. हात आणि गुडघे जमिनीवर टेकवावेत. श्वास सोडत पाठ मांजरीसारखी वर गोल करावी, श्वास घेत पुन्हा सपाट आणावी. पोट खाली लोंबू देऊ नये. आठ-दहा वेळा.

दुसरा भिंतीशी. पाठ भिंतीला लावून, पावलं वीतभर पुढे घेऊन, गुडघे किंचित वाकवून उभं राहावं. कमरेमागची पोकळी भिंतीला टेकेल असं ओटीपोट आत ओढावं, पाच आकडे मोजावेत, सोडावं. श्वास रोखू नये. दहा वेळा.

तिसरा खुर्चीवरचा. दुखऱ्या पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवावा आणि पाठ ताठ ठेवून पोट अडेल इथवरच पुढे झुकावं. कुल्ल्यात खोलवर ताण जाणवतो. पिरिफॉर्मिस ताणला जातो तो इथे. वीस-तीस सेकंद थांबावं, तीनदा करावं. जांघेत दुखलं तर हा प्रकार सोडून द्यावा.

चौथा बालासनाचा. गुडघे पोटाला जागा मिळेल इतके फाकवून मागे टाचांकडे बसावं, पुढे दोन उशा ठेवून त्यांवर डोकं टेकवावं आणि मिनिटभर शांत श्वास घ्यावा.

याच्या जोडीला चालणं. एकदम अर्धा तास चालण्यापेक्षा दहा-दहा मिनिटं तीनदा, लहान पावलं टाकत चालावं. पोहण्याची सोय असेल तर पाण्यात पोटाचं ओझं जवळजवळ नाहीसं होतं. श्रोणीची दुखी असेल तर पोहताना बेडकासारखे पाय मारू नयेत. त्याच दुखीत कमरेखाली, खुब्यांच्या रेषेत बांधायचा श्रोणीपट्टा बऱ्याच जणींना आधार देतो. तो फिजिओथेरपिस्टकडून नीट बसवून घ्यावा. स्वीडनमध्ये ३८६ गरोदर स्त्रियांवर झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीच्या उपचारांच्या जोडीला अॅक्युपंक्चर किंवा स्नायू बळकट करणारे व्यायाम दिल्यावर श्रोणीची दुखी जास्त कमी झाली. अॅक्युपंक्चर मात्र गरोदर स्त्रियांवर उपचार करण्याचं शिक्षण घेतलेल्या व्यक्तीकडूनच करून घ्यावं.

शेक, मालिश आणि गोळी

गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून कुल्ल्यावर किंवा कमरेवर पंधरा-वीस मिनिटं ठेवावी. ओवा-मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून दिलेला शेकही चालतो. आराम मिळतो तो उष्णतेने. हातावर सोसेल इतपतच गरम असावं आणि पोटावर शेक घेऊ नये. बधिर झालेल्या जागी शेक देताना जास्त जपावं, कारण तिथे भाजलेलं कळत नाही.

आईने किंवा सासूने कोमट तेलाचा हात हलकेच फिरवला तर स्नायू सैल होतात. पण रगडून मालिश, पाठीवर मुलाला उभं करून तुडवून घेणं, मान-कंबर कडकन मोडून घेणं हे काही करू नये. आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेण्याची रीत आहे. घरातल्यांचा त्यामागचा भाव मायेचाच असतो. तरीही गरोदर बाईच्या पाठीवर कुणाचाही पाय, लाथ किंवा गुडघा पडता कामा नये.

गोळीबाबत सर्वांत जास्त सावध राहावं. मेडिकलच्या दुकानात ‘अंगदुखीची गोळी’ मागितली की बऱ्याचदा हातात येतं ते इबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक. विसाव्या आठवड्यानंतर या गटातल्या औषधांनी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०२० साली दिला. शेवटच्या तिमाहीत बाळाच्या हृदयाजवळची एक महत्त्वाची रक्तवाहिनी त्यांच्यामुळे वेळेआधी आकसण्याचा धोका असतो. डायक्लोफेनॅकचं मलमही विचारल्याशिवाय चोळू नये. गरज पडलीच तर डॉक्टर सहसा पॅरासिटामॉल सुचवतात. तेही त्यांनी सांगितलेल्या प्रमाणात आणि थोडेच दिवस.

इथे थांबू नका

काही खुणा दिसल्या तर व्यायाम आणि शेक बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं. जांघांच्या मधला, सायकलच्या सीटला टेकणारा भाग बधिर होणं. पाऊल उचलता न येणं, चालताना ते फरफटणं, चप्पल निसटणं. दोन्ही पायांत एकदम कळ येणं. या खुणा नसेवर मोठा दाब असल्याच्या आहेत आणि त्यात तासांचाही हिशेब असतो.

एकाच पायाची पोटरी सुजली, लाल किंवा गरम झाली, तर रक्ताची गुठळी असू शकते. गरोदरपणात तिचा धोका एरवीपेक्षा चार-पाच पटींनी वाढतो. ती पोटरी चोळू नये. कंबरदुखी ठरावीक अंतराने येत-जात असेल, पोट कडक होत असेल, अंगावरून पाणी किंवा रक्त जात असेल, तर त्या वेळेआधीच्या कळा असू शकतात. ताप, लघवीची जळजळ किंवा पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणंही लगेच दाखवावं.

तपासणीसाठी गरज वाटल्यास डॉक्टर एमआरआय सांगतात. त्यात क्ष-किरण नसतात आणि रंगद्रव्याच्या इंजेक्शनाशिवाय तो गरोदरपणात करता येतो. बाळाच्या काळजीने तो टाळत बसू नये.

रेघ आखडते तेव्हा

प्रसूतीच्या वेळी आपलं दुखणं कोणत्या पायात आहे, हे डॉक्टर आणि नर्सला आधीच सांगून ठेवावं, म्हणजे पाय फार ताणून किंवा फार वेळ एकाच स्थितीत ठेवले जाणार नाहीत. कुशीवर किंवा हात-गुडघ्यांवर राहून कळा सोसणं काहींना सोपं जातं. ‘मणक्यात इंजेक्शन घेतलं की जन्मभर कंबर धरते’ ही समजूत घरोघरी आहे. भूल घेतलेल्या आणि न घेतलेल्या स्त्रियांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत मात्र दीर्घकाळच्या कंबरदुखीत फरक आढळलेला नाही. सुई टोचलेली जागा काही दिवस हुळहुळते, इतकंच. बाळंतिणीची कंबर दुखते ती बहुधा बाळावर वाकून दूध पाजताना. पाठीला टेकू घ्यावा, मांडीवर उशी ठेवावी आणि बाळाला छातीपर्यंत वर आणावं.

बहुतेक स्त्रियांचं हे दुखणं बाळंतपणानंतर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतं. तीन महिन्यांनंतरही पायात कळ येत असेल तर ‘बाळंतपणाचं आहे’ म्हणून अंगावर काढू नये.

सुधारणा होते आहे हे ओळखायचं कसं? पुन्हा त्याच बोटाकडे जावं. रोज रात्री झोपण्यापूर्वी ती रेघ ओढून पाहावी. परवा ती पावलापर्यंत जात होती, काल पोटरीवर थांबली, आज गुडघ्याच्या वरच संपली, तर नस मोकळी होत आहे. या काळात कमरेत दुखणं थोडं वाढल्यासारखं वाटलं तरी घाबरू नये. दुखणं पायातून वर सरकून कमरेशी गोळा होणं हे बरं होण्याचं लक्षण मानतात. कुठल्याही व्यायामाने किंवा कामाने रेघ उलट खाली लांबत गेली, तर ते त्याच क्षणी थांबवावं. घरातल्या माणसांनीही रोज विचारावं, “आज कुठपर्यंत?” त्या प्रश्नाच्या उत्तरावर दुसऱ्या दिवशी पाणी कोणी भरायचं आणि केर कोणी काढायचा, हे घराला ठरवता येतं.